दुपारची वाचक

६ फेब्रुवारी

दोन तारे दिले. एकच देणार होते, पण दीपगृहाच्या जिन्याचं वर्णन बरं होतं.

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत संपवलं पुस्तक. एका हातात घास, एका हातात फोन आणि समोर ओळीने मांडलेल्या कवळ्या. सगळ्या मला हसतायत असं वाटत होतं! गोष्ट अशी — एक नायक दीपगृह सांभाळतो. दुसरा नायक गुरांचा डॉक्टर. नायिका नाही, ह्या पुस्तकांत नसतेच. दोघे प्रेमात पडतात, भांडतात, वादळ येतं, पुन्हा जवळ येतात. इथवर ठीक. पण तीनशे पानांत एकालाही साधी सर्दी होऊ नये? भर समुद्रात खडकावर राहतात आणि पलंगावर रेशमी चादर! ती वाळत कुठे घालतात? भांडी कोण घासतं?

हेच सगळं वाचकांच्या ॲपवर लिहून टाकलं. खाली नाव नेहमीचं — 'दुपारची वाचक'. तिथे कोणाला मी कोण ते माहीत नाही. आणि मी असलं काही वाचते हे इथे कोणाला माहीत नाही. चिरंजीवांनाही नाही.

त्यांच्यामुळेच तर सुरू झालं हे. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "आई, मला मुली नाही आवडत. मुलगे आवडतात." मी म्हटलं, "बरं." आणि दूध उतू जातंय का ते बघायला वळले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

नंतर विचारायचं खूप होतं. जीभच रेटली नाही. मग पुस्तकं.

९ फेब्रुवारी

माझ्या दोन ताऱ्यांवरून तिकडे धुमश्चक्री!

'मखमल' चिडली — दिवसभर राबून आल्यावर मला वाचताना भांडी नकोत, चादर रेशमीच हवी. दुसऱ्या कोणी लिहिलं, ह्या पुस्तकांचा शेवट नेहमी गोडच का? त्यावर एकाचं उत्तर — "दुःखी शेवट आम्हाला फुकट मिळतात. सुखी शेवटासाठी पुस्तक विकत घ्यावं लागतं." हे दोनदा वाचलं.

'अर्धी झोप' नावाची एक मुलगी आहे, ती नेहमी माझ्या बाजूने. "दुपारच्या ताई, तुमचं मत वाचल्याशिवाय मी पुस्तकच घेत नाही!" गोड पोर आहे. कुठली, कोण, काही ठाऊक नाही. पण तिचं उत्तर आलं की दुपार बरी जाते.

आणि मग तो 'खारा वारा'. तो स्वतः तसा आहे, उघड सांगतो. त्याने लिहिलं — "तुम्हा बायकांना आम्ही म्हणजे प्राणिसंग्रहालय. तिकीट काढायचं, जाळीतून बघायचं, 'कित्ती गोड' म्हणायचं आणि आपल्या घरी जायचं. आमच्या चादरी कुठे वाळतात ते तुम्हाला काय माहीत?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मला माहीत आहे! मला नाही माहीत तर कोणाला?

१० फेब्रुवारी

काम करतानाही त्या खाऱ्या वाऱ्याला मनातल्या मनात उत्तरं देत होते. मेण जास्त तापलं. बोट भाजलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल मुक्कामाला चिरंजीवांकडे गेले होते. दोन बसथांबे लांब, तरी महिन्यातून एकदाच जाते — उगाच डोक्यावर बसल्यासारखं नको.

घुम्या होताच. म्हणजे चिरंजीवांचा... काय म्हणायचं? जावई म्हटलं तर माझा मुलगा मुलगी होतो. सून म्हटलं तर हा सहा फुटी, लिफ्ट दुरुस्त करणारा, दाढीवाला सून! इथे वहीत घुम्याच बरा. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर पुष्कळ. रात्री माझं अंथरूण घालून दिलं आणि एवढंच, "काकू, उशी उंच होत नाही ना?"

सकाळी मी आधी उठले. पाणी प्यायला निघाले तर त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. पुढे जायचं ना सरळ! थांबले. पाठीला पाठ लावून दोघे झोपलेले. अंगावर तुकडे जोडून शिवलेलं एक पांघरूण — एका माणसापुरतं. ह्याचेही पाय बाहेर, त्याचेही. मधोमध शाळेच्या शर्टाचा खिसा जसाच्या तसा शिवलेला आणि त्या खिशात घुम्याचा चष्मा.

उभी राहिले बराच वेळ. पाहायला नको होतं.

चहाच्या वेळी मीच विषय काढला, पांघरूण छान आहे म्हणून. घुम्या नुसता हसला आणि फोन घेऊन बाहेर जिन्यात गेला. दर रविवारी घरी फोन करतो म्हणे. दार लोटलेलं, तरी ऐकू येत होतं. "हो आई. जेवलो. नाही गं, एकटाच आहे, अजून कोण असणार?" इकडे चिरंजीव कांदा असा चिरत होते की फळी तुटेल.

मग हळूच म्हणाला, "ते पांघरूण त्याच्या आईने आणि धाकट्या बहिणीने मिळून शिवलंय. त्याच्या शाळेच्या कपड्यांचं. तिकडे माझ्याबद्दल कोणाला माहीत नाहीये, आई. तुझ्यापर्यंतच ठेव."

"माझ्यापर्यंतच," मी म्हटलं.

दुपारी फोटोवाली आली. चिरंजीवांची कॉलेजपासूनची मैत्रीण, लग्नांचे फोटो काढते. आल्या आल्या "काकूऽऽ" करून गळ्यात पडली. गॅलरीत पांघरूण उन्हात टाकलं होतं, त्याचेही चार फोटो काढले तिने. दोघांना हसवून हसवून दमवलं. तिच्यासमोर घुम्यासुद्धा बोलतो!

१७ फेब्रुवारी

लिहिलं.

दीपगृहाच्याच पुस्तकाखाली. खाऱ्या वाऱ्याला उत्तर म्हणून बसले होते, चार ओळी लिहिणार होते. हात थांबेना. रेशमी चादर राहू द्या, म्हटलं, मला एक खरं पांघरूण माहीत आहे. एका आईने मुलासाठी शिवलेलं, एकट्यासाठी, कारण तिच्या हिशेबात तो एकटाच आहे. त्याखाली आता दोघे झोपतात. दोघांचेही पाय उघडे पडतात, पण मोठं पांघरूण आणू या असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. शाळेच्या खिशात तो रात्री चष्मा ठेवतो. रविवारी जिन्यात जाऊन आईला सांगतो, एकटाच आहे. असं काही लिहा, मग देईन पाच तारे.

नाव नाही, गाव नाही. कोणाला काय कळणार?

१९ फेब्रुवारी

अबब! शेकड्यांनी बदाम आलेत. मखमल म्हणते, "रडवलंत." खाऱ्या वाऱ्याने लिहिलं, "माफ करा. तुम्ही जाळीबाहेरच्या नाही." कोणीतरी माझ्या मजकुराचा फोटो काढून सगळीकडे पाठवलाय. दुपारी लॅबमधल्या मुलीच्या फोनवर तोच! ती मला वाचून दाखवायला लागली. मी प्लास्टर कालवत ऐकलं. "कोणी लिहिलंय गं?" असंही विचारलं वर.

खोटं कशाला लिहू इथे — सुखावले. आयुष्यभर लोकांचे दात केले, पण असं कोणी टाळ्या वाजवून बोललं नव्हतं.

पण मध्येच आठवलं — "तुझ्यापर्यंतच ठेव."

२० फेब्रुवारी

अर्धी झोप इतके दिवस गप्प होती. आज एकच प्रश्न — "ताई, त्या खिशाला बटण होतं का?"

लिहिलं, हो, निळं. कडेला थोडं फुटलेलं.

किती बारकाईने वाचते मुलगी!

२४ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

चिरंजीवांचा फोन, कामाच्या वेळेत. कधी करत नाही. आवाज ओळखू येईना. "आई, त्याच्या घरी कळलं."

काय कळलं, कसं कळलं — विचारतानाच मला कळलं होतं.

"कोणीतरी नेटवर पांघरुणाचं लिहिलंय. खिसा, चष्मा, जिन्यातला फोन, सगळं! त्याची धाकटी बहीण त्या पुस्तकवाल्या ॲपवर असते. तिला संशय आला. तिने लिहिणाऱ्या बाईला बटणाचं विचारलं. बाईने तेही सांगितलं. मग तिने ह्याला फोन केला. ह्याला खोटं बोलता आलं नाही. आणि त्याची आई मागेच उभी होती."

अर्धी झोप. म्हणजे धाकटी.

"मग? त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. आत निघून गेल्या. आता त्याचा फोनच उचलत नाहीत."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "फोटोवालीच! तिच्याशिवाय कोण आलंय आमच्या घरात? पांघरुणाचे फोटो काढत बसली होती ना? सारखी त्या फोनवर पडलेली असते. तोंड बघणार नाही मी तिचं."

आणि मी म्हटलं — "असेल बाई. हल्ली कोणाचा भरवसा धरावा!"

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

२५ फेब्रुवारी

खातं बंद केलं. लिहिलेलं सगळं पुसलं. काय उपयोग? फोटो फिरतोच आहे. आज परत लॅबमधल्या मुलीला कोणीतरी पाठवला.

१ मार्च, रविवार

चिरंजीव म्हणाले, ये ना आई, घर खायला उठतंय. मी म्हटलं कंबर दुखतेय. मुलाने गरम पाण्याची पिशवी पाठवली घरपोच! ती कोपऱ्यात ठेवलीय, भिंतीकडे तोंड करून. पिशवीला तोंड नसतं, पण तशी ठेवलीय.

४ मार्च

मालकांनी वरची कवळी हातात घेऊन उजेडात धरली. "अहो, मधली रेघ बघा. ह्या आजोबांना जन्मभर वाकडं हसायला लावणार का?"

सगळे दात काढून पुन्हा बसवले.

६ मार्च

संध्याकाळी बेल वाजली. दारात फोटोवाली. गळ्यात पडली नाही. खुर्चीच्या कडेवर बसली, परीक्षेला बसल्यासारखी.

"काकू, त्याने एका मेसेजमध्ये सगळं संपवलं. मी ते फोटो कोणालाच दाखवले नाहीत हो. माझा फोन तपास म्हटलं, तर म्हणतो, पुसून टाकले असशील. तुम्ही तरी सांगा ना त्याला. तुमचं ऐकतो तो."

"सांगते," मी म्हटलं.

"तुम्हाला तरी वाटत नाही ना, मी असं करेन?"

"छे गं!"

तिचे डोळे भरून आले. चहा प्याली, कप स्वतः विसळून ठेवला. जाताना पाया पडायला वाकली तर मी एकदम मागे सरकले. दचकलीच ती. काय वाटलं असेल तिला!

७ मार्च

नाही सांगितलं.

८ मार्च

नाही.

११ मार्च

चिरंजीव सांगत होते — घुम्या अजूनही रविवारी फोन घेऊन जिन्यातच जातो. आता घरात बसून केला तरी काय बिघडणार आहे, लपवायचं काही उरलंय का? पण पाय तिकडेच वळतात. रिंग पूर्ण वाजते, बंद होते. मग थोडा वेळ तिथेच बसतो. आत येऊन विचारतो, "भाजी कुठली करू?"

मला फोनवर हे ऐकवेना. कुकर लागलाय म्हणून ठेवला.

त्यांना समजून घ्यायला वाचत होते ना मी? एवढी पुस्तकं. आणि समजलं काय — कुठे मारलं की जास्त लागतं, तेवढं.

१५ मार्च, रविवार

आज गेले. सकाळीच. बसमध्ये वाक्यं जुळवत होते, ती सगळी दारातच विसरले. चप्पल न काढता उभी. "ते मी लिहिलं."

चिरंजीवांना कळेचना. "काय लिहिलंस?"

"पांघरुणाचं. ती दुपारची वाचक म्हणजे मी. बटण निळं आहे तेही मीच सांगितलं. फोटोवालीने काही केलेलं नाही. आणि तू तिच्यावर आळ घेतलास तेव्हा मी हो म्हटलं."

मुलाचा चेहरा असा झाला की मला तो चार वर्षांचा असताना हरवला होता ते आठवलं. सापडल्यावर असाच बघत होता. ओळखीचं माणूस आहे की नाही ह्याची खात्री नसल्यासारखा.

"तू असली पुस्तकं वाचतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"तू सांगितलंस तेव्हापासून. मला समजून घ्यायचं होतं."

मग तो ओरडला. लहानपणापासून माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "मग मला विचारायचंस ना! मी काय परदेशात राहतो? दोन थांबे, आई! दोन थांब्यांवर राहतो मी! दरवेळी वाट बघतो की आता काहीतरी विचारशील. विचारतेस काय — भाजी संपली का, पंखा आवाज का करतो! आणि अनोळखी लोकांना पुस्तकांखाली माझं घर उघडून दाखवतेस?"

एक शब्द खोटा नव्हता.

घुम्या खिडकीपाशी उभा होता. त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. शेवटी बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "मी वाचलं ते, काकू. कोणी लिहिलंय माहीत नव्हतं तेव्हा वाचलं. चांगलं लिहिलंय."

चष्मा काढला, परत घातला.

"पण ते माझं होतं. आईला मी सांगणार होतो. कधी ते माहीत नव्हतं. पण मी सांगणार होतो."

तो ओरडला असता तर सोसलं असतं.

भाजीचा डबा नेला होता, तो तसाच ओट्यावर ठेवून निघाले. थांब म्हणालं नाही कोणी. बरोबरच आहे.

१६ मार्च

फोटोवालीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, मी तुमच्या घरी आले होते, तुमच्यासमोर रडले. तेव्हा तुम्ही मला साखर किती घालू विचारत होतात."

"हो."

"चिरंजीवांचा फोन आला होता सकाळी. सॉरी म्हणाला. त्याला मी माफ केलंय. तुमचं नाही माहीत अजून." ती त्याला माझ्यासारखंच चिरंजीव म्हणते, माझं ऐकून ऐकून. नंतर म्हणाली, "ठेवते."

२३ मार्च

कोणाचा फोन नाही. मीही केला नाही. करायचा हक्क कुठून आणू?

जेवणाच्या सुट्टीत नुसतीच बसते. मुलगी विचारते, मावशी, हल्ली फोन नाही बघत? म्हटलं, डोळे दुखतात.

२ एप्रिल

मुलाला मेसेज केला. खूप वेळा लिहिला, पुसला. शेवटी एवढाच — "तुला विचारायचं आहे. तू पहिल्यांदा त्याला कुठे भेटलास?"

वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

४ एप्रिल

घुम्या आला होता! एकटा. कामावरचे कपडे, हाताला वंगण. दारातूनच डबा पुढे केला. "राहिला होता."

आत ये म्हटलं. आला. बसला. पाणी प्याला. मी आपली साडीचा काठ चिमटीत धरून उभी, शाळेतल्या मुलीसारखी.

म्हणाला, "तो अजून रागावलाय. राहू दे थोडे दिवस."

"आणि तू?"

"मी पण." मग ग्लास खाली ठेवत, "पण डबा चांगला होता. घट्ट झाकणाचा. म्हणून आणला."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही आवरलं. धीर करून विचारलं, घरून काही? मान हलवली. आई बोलत नाही. धाकटी बोलते, चोरून. ती म्हणे ते दीपगृहाचं पुस्तक छापील आणून आईच्या उशाशी ठेवून आली. "आईने उचलून कपाटावर टाकलं. हातही लावत नाही, असं धाकटी म्हणाली."

उठताना आमच्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज कसा येतो ते उभं राहून ऐकलं. "पट्टा बदलायला हवा. सांगून ठेवा." आणि जिन्याने उतरला.

मी असं करायला नको होतं, बाळा — हे तो खालच्या मजल्यावर पोचल्यावर म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसणार.

५ एप्रिल, रविवार

उत्तर आलं. "लिफ्टमध्ये. अडकलो होतो. तो सोडवायला आला."

बस्स एवढंच. पुढचं विचारलं नाही. अजून नको.

१७ एप्रिल

खातं नाही, तरी कोणी काय लिहिलंय ते वाचता येतं. दुपारी राहवलं नाही, दीपगृहाचं पान उघडलं. सगळ्यात वर नवं मत. नाव — 'अर्धी झोप'. पण भाषा तिची नाही. थांबत थांबत टाइप केलेली, मध्ये मध्ये अक्षरं सुटलेली. इथे जसंच्या तसं उतरवते आहे, फक्त अक्षरं पुरी करून —

"हे मी धाकटीच्या फोनवरून लिहिते. मी तिची आई. पुस्तक सगळं वाचलं. डोळे दुखले. तीन तारे. समुद्र चांगला आहे. ह्यातली आई आवडली नाही. ती एका पानात रडते आणि पुढच्या पानात मिठी मारते. असं होत नाही. मला अजून पटलेलं नाही. रविवारी दोघांना जेवायला बोलावलं आहे."